फाँटात अडकलेला मराठवाडा

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा भूकंपाने हादरला. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली. साडेनऊ हजारांहून अधिक माणसे गेली. त्यानंतरची कित्येक वर्षे नव्या गावठाणांच्या जागा, घरवाटपाच्या याद्या, अनाथ मुलांचे प्रश्न आणि जागतिक बँकेच्या मदतीने उभा राहिलेला पुनर्वसन कार्यक्रम यांवर या भागात सतत लिहिले जात होते. आज एखाद्या विद्यार्थ्याने संगणकावर ‘किल्लारी’ हा शब्द शोधला, तर त्याला इंग्रजी अहवाल मिळतात आणि अलीकडच्या स्मृतिदिनांच्या मराठी बातम्या मिळतात. मधल्या वर्षांत इथल्याच वार्ताहरांनी, इथल्याच भाषेत लिहिलेला मजकूर मात्र फारच थोडा सापडतो.

तो सगळा जळून किंवा वाहून गेलेला नाही. त्यातला बराचसा संगणकावरच टाइप झाला होता आणि काही कार्यालयांतल्या सीडींवर, जुन्या हार्ड डिस्कवर तो आजही असेल. पण त्या फायलींमध्ये, संगणकाच्या लेखी, ‘किल्लारी’ हा शब्दच नाही. तिथे आहेत काही आकडे, आणि त्या आकड्यांचा अर्थ एका विशिष्ट कंपनीच्या विशिष्ट फाँटलाच ठाऊक आहे. तो फाँट नसेल तर फाइल उघडूनही हाती रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गिचमिड लागते.

नांदेड-लातूर पट्ट्याने सुमारे १९९० ते २०१० या वीस वर्षांत संगणकावर जे मराठी लिहिले, त्याचा फार मोठा भाग असा फाँटांत अडकून पडला आहे. तो सोडवायचा असेल तर हीच वेळ आहे. दहा वर्षांनी हे काम कितीतरी महाग पडेल, आणि काही ठिकाणी करताच येणार नाही.

हे असे का झाले? संगणक अक्षरे साठवत नाही, क्रमांक साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक, हे सर्वांनी मिळून ठरवले तरच एकाचे लिहिलेले दुसऱ्याला वाचता येते. भारताने हे फार लवकर ओळखले होते. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले ‘जिस्ट’ तंत्रज्ञान आणि भारतीय लिप्यांसाठीचा ‘इस्की’ हा सामायिक संकेत ही त्याची फळे. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने इस्कीला मानकाचा दर्जा दिला. त्याच वर्षी जगभरच्या लिप्यांसाठी ‘युनिकोड’ची पहिली आवृत्ती आली. त्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतलेली आहे. म्हणजे मानक नव्हते अशी तक्रार करायला जागा नाही.

अडचण छपाईच्या टेबलावर होती. वृत्तपत्रांतून खिळे जुळवणे संपून डीटीपी आले, ते पेजमेकर आणि क्वार्कसारख्या परदेशी सॉफ्टवेअरच्या जोरावर. या सॉफ्टवेअरला जोडाक्षर म्हणजे काय हे ठाऊक नव्हते. त्याला कळत होता तो फक्त रोमन फाँट आणि त्यातली दोन-अडीचशे घरे. मग श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा पॅकेजांनी एक युक्ती काढली. रोमन अक्षरांच्या घरांत काना, वेलांटी, अर्धा ल, अर्धा क, रफार असे देवनागरीचे तुकडे बसवले आणि ते शेजारी शेजारी ठेवून पडद्यावर मराठी उभे केले. या युक्तीने मराठी छपाई सावरली, हे मोकळेपणाने मान्य करायला हवे. या पॅकेजांखेरीज तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका छापणेही अवघड झाले असते. पण प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या क्रमाने बसवले. कधी कधी एकाच कंपनीच्या दोन फाँटांचा क्रमही जुळत नसे. फायलीत मात्र यातल्या कशाचीच नोंद राहिली नाही.

हा घोळ नेमका कसा होतो, ते दोन गावांच्या नावांवरून पाहता येते. ‘किल्लारी’ लिहिताना जुन्या फाँटात ऱ्हस्व वेलांटी आधी येते आणि क नंतर, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम पाळतात, म्हणून क आधी आणि वेलांटी नंतर. नांदेड जिल्ह्यातल्या ‘धर्माबाद’चे उलटे आहे. जुन्या फाँटात ध, मग मा, मग त्याच्या डोक्यावर रफार असा क्रम असतो. युनिकोडमध्ये तो रफार म्हणजे पाय मोडलेला र, आणि तो म च्या आधी येतो. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरने ही जागांची अदलाबदल केली नाही, तर धर्माबादचे ‘धमार्बाद’ होते, अर्धापूरचे ‘अधार्पूर’ होते आणि कार्यक्रमाचा ‘कायर्क्रम’. सरकारी पीडीएफमधून मजकूर उचलून दुसरीकडे डकवणाऱ्या कुणालाही हे शब्द ओळखीचे आहेत.

अशा बिघाडाकडे लोक ‘फाँट उडाला’ एवढेच म्हणून पाहतात. प्रत्यक्षात बिघाडाचे चार प्रकार आहेत आणि त्यांतला फरक कळणे फार महत्त्वाचे आहे, कारण काय वाचवता येईल हे त्यावरून ठरते.

पहिला प्रकार चौकोनी डब्यांचा. मजकूर शाबूत असतो, त्या यंत्रात अक्षरे दाखवणारा फाँट तेवढा नसतो. फाँट टाकला की काम झाले.

दुसरा प्रकार चुकीच्या लेबलाचा. मजकूर युनिकोडमध्ये असतो, पण उघडणारे सॉफ्टवेअर त्याला युरोपीय लिपी समजते. शाळेने विद्यार्थ्यांची मराठी यादी सीएसव्ही फाइल म्हणून उतरवावी आणि एक्सेलमध्ये थेट उघडावी, की हे हमखास घडते. यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. ‘नांदेड’ या शब्दात न, काना, अनुस्वार, द, मात्रा आणि ड अशी सहा चिन्हे, म्हणून १८ बाइट. चुकीच्या लेबलाखाली त्या १८ बाइटांची १८ सुटी चिन्हे होतात. डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ सहा वेळा येतो, चार टोके फुटलेले छोटे वर्तुळ पाच वेळा येते आणि द वरच्या मात्रेच्या जागी जपानी येनचे चिन्ह उमटते. ‘लातूर’मध्येही येन एकदाच, तू च्या ऊकाराच्या जागी. दिसायला हा प्रकार सर्वांत भयंकर असला तरी त्यात काहीही हरवलेले नसते. लेबल बदलले की अक्षर न् अक्षर परत मिळते.

तिसरा प्रकार जुन्या फाँटांचा. फाँट कोणता हे माहीत असेल आणि कोणत्या क्रमांकाला कोणता तुकडा हे सांगणारा त्याचा तक्ता हाताशी असेल, तर मजकूर परत मिळतो. माहिती नसेल तर तर्क लढवत बसावे लागते.

चौथा प्रकार प्रश्नचिन्हांचा. मराठी नाव अशा माहितीसाठ्यात भरले गेले, ज्याची रचना फक्त युरोपीय लिपीसाठी होती. यंत्राला ती अक्षरे ठेवायला जागा सापडली नाही, म्हणून त्याने प्रत्येकाच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवले. जगभर वापरल्या जाणाऱ्या मायएसक्यूएल या प्रणालीचा मूळ संकेत २०१८ मधल्या आठव्या आवृत्तीपर्यंत युरोपीयच होता. ज्याने तो बदलण्याची काळजी घेतली नाही, त्याच्या मराठी नोंदी अशा प्रश्नचिन्हांत गेल्या. त्या कोणत्याही तंत्रज्ञाला परत आणता येणार नाहीत, कारण मूळ अक्षर तिथे पोहोचलेच नाही.

नांदेड-लातूरचा गेल्या पिढीचा मजकूर बहुतांशी तिसऱ्या प्रकारात मोडतो. म्हणजे तो वाचवता येण्यासारखा आहे, आणि त्यासाठी तक्ता, यंत्र आणि माणूस ही तिन्ही लागतात. तिन्ही आता झपाट्याने हातची जात आहेत.

यंत्राचे पाहा. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली. त्याच्या फायली नंतर इनडिझाइनमध्ये उघडता येत, पण फक्त २०१२ च्या सीएस-६ पर्यंतच. त्यापुढच्या आवृत्त्यांनी ती सोय काढून टाकली. भारतीय लिप्यांतली जोडाक्षरे नीट जुळवण्याची सोय इनडिझाइनमध्ये आली तीही सीएस-६ मध्येच. थोडक्यात, जुने आणि नवे ही दोन्ही दारे एकत्र उघडी राहिली ती या एकाच आवृत्तीत. त्यात जुन्या मराठी पॅकेजांना संगणकाच्या मागे लावायचे हार्डवेअर लॉक असायचे, ज्याला सगळे ‘डाँगल’ म्हणतात. प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टमध्ये बसणारा तो डाँगल लावायला आजच्या संगणकात जागाच नाही. सीडींवरचा थर उडत चालला आहे. आणि कोणत्या वर्षी कोणता फाँट वापरला हे तोंडपाठ असणारे ऑपरेटर साठीकडे झुकले आहेत.

ही गोष्ट फक्त वृत्तपत्रांपुरती नाही. लातूर जिल्हाच मुळी १६ ऑगस्ट १९८२ चा. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ ला सुरू झाले. त्याच्या कार्यक्षेत्रातला हिंगोली जिल्हा १ मे १९९९ चा. म्हणजे या भागातल्या महत्त्वाच्या संस्थांच्या घडणीची वर्षे आणि फाँटांच्या अंदाधुंदीची वर्षे एकच आहेत. सभांची इतिवृत्ते, परिपत्रके, संशोधन प्रबंध, साहित्य संमेलनांच्या स्मरणिका, सहकारी संस्थांचे अहवाल, ‘लातूर पॅटर्न’च्या उदयाच्या बातम्या, २००८ मध्ये नांदेडला झालेल्या गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याची तयारी, यांतले जे काही मराठीत टाइप झाले, ते त्या त्या कार्यालयात जो फाँट असेल त्यात झाले.

भारत सरकारने नोव्हेंबर २००९ मध्ये ई-प्रशासनासाठी युनिकोड हे मानक ठरवले. तोवर विंडोज २००० पासून संगणकात देवनागरी युनिकोड येऊन जवळपास दशक झाले होते. तरीही तहसीलसमोरच्या टायपिंग-झेरॉक्सच्या दुकानांत जा, प्रतिज्ञापत्रे आणि करारनामे अनेक ठिकाणी आजही जुन्याच फाँटात टाइप होताना दिसतील. याचे कारण सवय. आणि ती सवय मोडायची गरज आहे, असे त्या दुकानदाराला कुणी सांगितलेलेही नाही.

नांदेडला या प्रश्नाचा आणखी एक पदर आहे. या एका शहरात मराठीबरोबर उर्दू वृत्तपत्रे निघतात, सचखंड हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यामुळे गुरुमुखी रोज वाचली जाते आणि तेलंगण सीमेलगतच्या तालुक्यांत तेलुगूही ऐकू येते. उर्दूची छपाई १९९४ मध्ये आलेल्या इनपेज या सॉफ्टवेअरवर उभी राहिली आणि त्याचा संकेतही त्याचा स्वतःचाच होता. म्हणजे शेजारच्या दोन छापखान्यांत, दोन लिप्यांत, तोच पेच. गुरुमुखीची वाट मात्र वेगळी झाली. अमेरिकेत राहणारे डॉक्टर कुलबीरसिंग थिंद यांनी १९९० च्या दशकात गुरुबाणीसाठी फाँट बनवले आणि गुरू ग्रंथ साहिबचा मजकूर संगणकावर आणला. तोही सुरुवातीला जुन्याच पद्धतीच्या फाँटात होता. पुढे तो काळजीपूर्वक युनिकोडमध्ये नेण्यात आला. म्हणूनच आज १,४३० पानांच्या त्या ग्रंथातला कोणताही शब्द कुठल्याही फोनवर शोधता येतो. आपला मजकूर आपल्याला जपायचा आहे हे एका समाजाने ठरवले आणि ते झाले.

न जपल्यास काय होते, याचा अनुभव मराठवाड्याने नुकताच घेतला आहे. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने निजामकालीन नोंदी तपासायला घेतल्या, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत उर्दू, फारसी आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. पहिल्या टप्प्यात पावणेदोन कोटींच्या आसपास नोंदी डोळ्यांखालून घालाव्या लागल्या आणि त्यांतून साडेअकरा हजारांच्या घरात कुणबी नोंदी हाती आल्या. मराठा आरक्षणाच्या प्रश्नावर कुणाचे मत काहीही असो, एक गोष्ट सर्वांनी पाहिली. कागद होते, पण ते शोधता येत नव्हते. एका कुटुंबाचे भवितव्य एका ओळीवर अवलंबून होते आणि ती ओळ वाचू शकणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. मोडी लिपी २०१४ मध्ये युनिकोडच्या सातव्या आवृत्तीत आली, पण तोवर ती वाचणारी पिढी जवळजवळ संपली होती. १९९८ सालची श्रीलिपीतली यादी आज तशीच सोडून दिली, तर २०५० मध्ये कुणाला तरी तिच्यासाठी पुन्हा असाच जाणकारांचा शोध घ्यावा लागेल.

“जुने अंक स्कॅन करून ठेवले की झाले” हे उत्तर नेहमी मिळते. स्कॅनिंग हवेच, त्याबद्दल वाद नाही. पण स्कॅन म्हणजे छायाचित्र आणि त्यात शब्द शोधता येत नाही. त्यावर अक्षरओळख चालवता येते आणि देवनागरीसाठी ते तंत्र आता बरेच सुधारले आहे, हेही खरे. तरी फिकट छपाईत घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांची गल्लत होते, आकडे चुकतात. बातमीत एक अक्षर चुकले तर वाचक समजून घेतो. मृतांच्या यादीतले आडनाव, जमिनीचा गट क्रमांक किंवा अनुदानाची रक्कम चुकली, तर ती नोंद दिशाभूल करते. ज्या मजकुराची मूळ फाइल उपलब्ध आहे, तिथे छायाचित्रावरून अंदाज बांधण्याचे कारणच नाही. फायलीतला प्रत्येक क्रमांक ठरलेल्या अक्षराचाच असतो. तक्ता बरोबर असेल तर रूपांतर तंतोतंत होते.

दुसरा आक्षेप ऑपरेटरांच्या सवयीचा. टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीवर बोटे बसलेल्या माणसाला नवा कीबोर्ड शिकायला लावणे अन्यायाचे आहे, असे म्हणतात. त्याची गरजच नाही. कोणत्या कळीवर कोणते अक्षर आणि ते अक्षर कोणत्या क्रमांकाने साठवायचे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेमिंग्टन मांडणीत टाइप करून युनिकोड मजकूर मिळवण्याची सोय केव्हाच झाली आहे.

युनिकोडमध्ये आणले म्हणजे सगळे आपोआप सुरळीत झाले, असेही समजू नये. मराठवाड्याच्या बातम्यांत सर्वाधिक वेळा येणाऱ्या शब्दांपैकी एक घ्या: ‘शेतकऱ्यांना’. यातला ऱ्य दोन रीतींनी साठवला जातो. एका रीतीत ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि त्याला हलन्त. युनिकोडची शिफारस हीच. दुसऱ्या रीतीत साधा र, हलन्त आणि मध्ये डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण एका रीतीने शोधले तर साध्या सॉफ्टवेअरला दुसऱ्या रीतीचे शब्द सापडत नाहीत. ‘ॲड.’ हा वकिलांच्या नावाआधीचा संक्षेपही असाच. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले. त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन ते लिहीत, कुणी मध्ये अदृश्य जोडचिन्हही घालीत. म्हणजे एकाच वकिलाचे नाव तीन प्रकारे नोंदलेले असू शकते. शेतकरी आत्महत्यांवर अभ्यास करणाऱ्या संशोधकाला एका संग्रहात शंभर बातम्या मिळाल्या आणि शेजारच्या तेवढ्याच मोठ्या संग्रहात वीस, तर त्यामागे कारण वास्तवातले आहे की जोडचिन्हाचे, हे त्याला कळायलाच हवे. म्हणून रूपांतरानंतर सर्व मजकूर एका रीतीवर आणणे हा कामाचाच भाग मानला पाहिजे.

दुसऱ्या समाजांनी हे करून दाखवले आहे. म्यानमारमध्ये ‘झॉजी’ नावाचा असाच एक बिगरमानक फाँट जवळपास सगळ्या देशाच्या फोनमध्ये रुजला होता. तिथल्या सरकारने १ ऑक्टोबर २०१९ हा दिवस युनिकोडकडे जाण्यासाठी जाहीर केला, मोबाइल कंपन्या आणि माध्यमे त्यात सामील झाली आणि देशाने दिशा बदलली. तामिळनाडूने २०१० मध्ये शासकीय आदेश काढून आपल्या जुन्या संकेतांचा निरोप घेतला. मराठीतही उदाहरण आहे. मराठी विश्वकोशाचे खंड आज युनिकोडमध्ये वाचता येतात, म्हणूनच उदगीरच्या किंवा किनवटच्या शाळेतले पोर फोनवर एक शब्द टाकून त्या नोंदीपर्यंत पोहोचते. विश्वकोशाला जे जमले, ते जिल्ह्याच्या वृत्तपत्राला आणि जिल्हा परिषदेलाही जमण्यासारखे आहे.

मग करायचे काय? सर्वप्रथम, मूळ फाइल कधीही पुसायची नाही. रूपांतर नेहमी प्रतीवर. आज वापरलेल्या तक्त्यात चूक निघाली, तर उद्या मूळ फायलीकडे परत जाता आले पाहिजे. प्रत्येक संचाबरोबर कोणत्या संस्थेचा, कोणत्या काळातला, कोणत्या सॉफ्टवेअरमधला आणि कोणत्या फाँटमधला मजकूर आहे, ही चार ओळींची नोंद ठेवायची. ‘श्री-देव-०७१४’ किंवा ‘डीव्हीबी-टीटीसुरेख’ एवढे नाव लिहिलेले असले, तरी पुढच्या माणसाचे महिन्याचे काम तासावर येते. त्यानंतर रूपांतर. सी-डॅकच्या ‘परिवर्तन’पासून खासगी कंपन्यांच्या कन्व्हर्टरपर्यंत साधने उपलब्ध आहेत. शेवटी तपासणी, आणि ती स्थानिक माणसानेच करायची. ‘शिरूर अनंतपाळ’ आणि ‘हिमायतनगर’ बरोबर उतरले की नाही, हे त्या भागात वाढलेल्याला एका नजरेत कळते.

हे काम कुणी अंगावर घ्यावे, याचे उत्तर नांदेडमध्येच आहे. विष्णुपुरीच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात माध्यमशास्त्र, संगणकशास्त्र आणि भाषा-साहित्य अशी तिन्ही संकुले एका आवारात आहेत, आणि लातूरला विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. असे दुसरे ठिकाण या पट्ट्यात सहज सापडणार नाही. विद्यापीठाने जुन्या यंत्रांची एक खोली उभारावी. डाँगल चालणारे दोन-चार संगणक, सीडी आणि फ्लॉपी वाचणारी साधने आणि मूळ फाँट तिथे असावेत. वृत्तपत्रांनी, साहित्य संस्थांनी, जिल्हा परिषदांनी आपापल्या फायली तिथे आणाव्यात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून एकेक वर्षाचा मजकूर द्यावा आणि त्याला गुण द्यावेत. निवृत्त डीटीपी ऑपरेटरांना मानधन देऊन बोलवावे. या विषयातले जाणकार तेच आहेत. मजकूर जनतेला खुला करायचा की नाही, हे वृत्तपत्राच्या मालकाने ठरवावे. तो जपण्यासाठी रूपांतर करायला मात्र कुणाचीच हरकत असण्याचे कारण नाही.

सरकारची जबाबदारी याहून सरळ आहे. माहिती अधिकार कायदा २००५ चा. त्याचे कलम ४ सांगते की, प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध करून, माहिती मिळणे सोपे होईल अशा रीतीने ठेवावेत. ज्या पीडीएफमध्ये शब्द शोधता येत नाही, ती या कलमाच्या हेतूत बसत नाही. जिल्हाधिकारी कार्यालयापासून नगरपंचायतीपर्यंत, संकेतस्थळावर चढवल्या जाणाऱ्या प्रत्येक मराठी कागदासाठी एकच कसोटी लावावी: त्यातली एक ओळ निवडून व्हॉट्सॲपवर डकवली, तर ती जशीच्या तशी मराठीत उमटली पाहिजे. न उमटल्यास कागद परत करावा. निविदेत ही एक अट घातली, तर नवा ढीग साचणे तरी थांबेल.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्यानिमित्ताने संशोधनासाठी निधीच्या घोषणा झाल्या. त्या निधीतून ताम्रपट आणि हस्तलिखिते जपली जावीत, यात शंका नाही. त्याच यादीत १९९० नंतरच्या संगणकीय मराठीचे नाव असायला हवे. आज भाषांतर करणारी, प्रश्नांची उत्तरे देणारी, बोललेले लिहून देणारी यंत्रे उपलब्ध मजकुरावरून भाषा शिकतात. मुंबई-पुण्याचे मराठी त्यांना भरपूर मिळते. किनवट, देगलूर, निलंगा, औसा इथल्या वार्ताहरांनी वीस वर्षे जे लिहिले, तिथल्या पिकांची, आजारांची, यात्रांची, देवाणघेवाणीची जी शब्दसंपत्ती त्यात उतरली, ती या यंत्रांपर्यंत पोहोचलेलीच नाही. मराठवाड्याच्या मागासलेपणाबद्दल सिंचनाचे आणि रस्त्यांचे आकडे मांडले जातात, ते योग्यच आहे. या प्रदेशाचे स्वतःचे लिहिलेले त्याच्याच मुलांना वाचता येत नसेल, तर तोही अनुशेषच आहे आणि तो भरून काढायला धरण बांधावे लागत नाही.

सरकार आणि विद्यापीठ हलेपर्यंत वाचकांच्या हातातही बरेच काही आहे. कुणाच्या घरी, दुकानात, छापखान्यात किंवा संस्थेच्या कपाटात जुना संगणक, सीडींचे पाकीट किंवा डाँगल पडून असेल, तर ते भंगारात देऊ नका. त्यातल्या फायली फाँटांसकट एका नव्या डिस्कवर उतरवून घ्या, आणि कोणत्या साली, कोणत्या सॉफ्टवेअरवर, कोणत्या फाँटात ते काम झाले हे ज्याने केले त्यालाच विचारून कागदावर लिहून ठेवा.